शनीवरचं महावादळ, डिसेंबर २०१०: उद्रेक, वाटचाल आणि खाली गेलेला अमोनिया

५ डिसेंबर २०१० रोजी शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रेडिओ उपकरणाने विजांचे झटके टिपले. त्याच दिवशी यानाच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात, उत्तर गोलार्धात साधारण ३५ अंश अक्षांशावर, दिवस-रात्रीच्या सीमेजवळ एक बारीक पांढरा ठिपका आला होता. कॅसिनीचं वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरत असे, त्यामुळे कॅमेरा नेमका तिकडे वळलेला असणं हा निव्वळ योगायोग. तीन आठवड्यांत तो ठिपका उत्तर-दक्षिण १०,००० किमी रुंद झाला, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या जवळपास. दोन महिन्यांत त्याच्या शेपटीने अख्ख्या ग्रहाला वेढा घातला. त्या अक्षांशावर शनीचा घेर जवळजवळ ३ लाख किमी आहे, एवढं लक्षात घेतलं की या वेगाचा अंदाज येतो.

या वादळाबद्दल बहुतेक ठिकाणी त्याचा आकार आणि विजांचे आकडे वाचायला मिळतात. ते आकडे पुढे येतीलच. पण या प्रकरणात खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. एवढी ऊर्जा ज्या वातावरणात खदखदते आहे, ते मधली कित्येक दशकं शांत कसं राहतं? पृथ्वीवर हवा एवढी धीर धरत नाही. शनीवर ती का धरते, याचं उत्तर सापडलं तर उद्रेकाचं उत्तर ओघानेच येतं.

आधीच्या पाच नोंदी

शनीवर असे महाकाय पांढरे डाग २०१०पूर्वी पाच वेळा पाहिले गेले होते. १८७६मध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल यांनी एक डाग पाहिला आणि त्याच्या आधारे शनीचा परिवलनकाळ, म्हणजे स्वतःभोवती फिरायला लागणारा वेळ, मोजला. पुढच्याच वर्षी मंगळाचे दोन चंद्र शोधणारे हॉल ते हेच. १९०३मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी दुसरा डाग पाहिला. १९३३चा डाग शोधला विल हे यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमधले लोकप्रिय विनोदी नट आणि घरच्या दुर्बिणीतून आकाश पाहणारे हौशी निरीक्षक. १९६०चा डाग दक्षिण आफ्रिकेतून दिसला. १९९०चा अमेरिकेतल्या स्टुअर्ट विल्बर या हौशी निरीक्षकाने सप्टेंबरमध्ये हेरला, तेव्हा हबल दुर्बीण अवकाशात जाऊन काहीच महिने झाले होते आणि तिला आयतंच लक्ष्य मिळालं.

अंतरं पाहा: २७, ३०, २७, ३० वर्षं. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मराठी वाचकाला हे पाठच असतं. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसाती आणि बाराही राशी फिरायला तीस वर्षं. त्यामुळे ‘दर शनिवर्षाला एक महावादळ’ हे सूत्र मोहात पाडणारं होतं. शिवाय पाचही वादळं उत्तर गोलार्धातली, म्हणजे ऋतूशी नातं असणार असंही वाटत होतं. या हिशोबाने पुढचं वादळ २०२०च्या आसपास यायला हवं होतं. ते दहा वर्षं आधीच आलं, उत्तरेकडचा वसंत नुकता सुरू झालेला असताना. शनीवरचा विषुवदिन ऑगस्ट २००९मध्ये होऊन गेला होता.

माझ्या मते तीस वर्षांचं सूत्र तिथेच सोडून द्यायला हवं होतं, पण लोकप्रिय लेखनात ते अजून चालू आहे. नोंदी तारखेने न लावता अक्षांशाने लावल्या की चित्र बदलतं. १८७६, १९३३ आणि १९९० ही तिन्ही वादळं विषुववृत्ताजवळची. त्यांच्यातलं अंतर दोन्ही वेळा बरोबर ५७ वर्षं. १९०३ आणि २०१० ही दोन ३५-३६ अंशांवरची, अंतर १०७ वर्षं. १९६०चं एकटंच, ५८ अंशांवर. म्हणजे एकच घड्याळ अख्ख्या ग्रहाला लावण्याऐवजी प्रत्येक पट्ट्याचं स्वतंत्र घड्याळ असावं आणि त्यांचे टोले एकमेकांत मिसळून तीस वर्षांचा आभास झाला असावा. तीन नोंदींवर नियम बांधू नये हे खरंच. पण पाच नोंदींवर बांधलेल्या चुकीच्या नियमापेक्षा हे बरं.

जागा आधीपासून संशयित होती का?

थोडीफार. कॅसिनी १ जुलै २००४ रोजी शनीच्या कक्षेत शिरलं, तेव्हापासून २०१०पर्यंत त्याला विजांची वादळं भेटली ती प्रामुख्याने दक्षिण गोलार्धातल्या ३५ अंशांच्या पट्ट्यात. शास्त्रज्ञांनी त्या पट्ट्याला ‘वादळांची गल्ली’ असं नावच देऊन टाकलं होतं. विषुवदिनानंतर उत्तरेत त्याच अंशावर उद्रेक व्हावा यात काहीतरी सममिती आहे. दुसरी खूण म्हणजे, ढगांच्या खालून येणारी उष्णता टिपणाऱ्या कॅसिनीच्या अवरक्त उपकरणाला याच उत्तरेकडच्या पट्ट्यात २००६पासून ढगांमधल्या मोकळ्या भोकांची एक माळ दिसत होती. कुनियो सायानागी आणि सहकाऱ्यांनी नंतर जुनी चित्रं ताडून पाहिली, तेव्हा वादळ या माळेतल्याच एका जागी फुटल्याचं आढळलं. ही भोकं म्हणजे छोटे चक्रीय भोवरे होते. त्यांनी वादळाला तोंड फोडलं की तिथली हवा आधीच सैल होती म्हणून दोन्ही घडलं, हे या एका प्रसंगावरून ठरत नाही.

वाटचाल

डिसेंबरमध्ये शनी कन्या राशीत, पहाटेच्या आकाशात होता. सूर्याच्या मागून बाहेर येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते, तरी हौशी निरीक्षकांनी तो ठिपका काही दिवसांतच पकडला. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांची डिसेंबरमधली छायाचित्रं पुढे सगळीकडे वापरली गेली. या लोकांचं काम शोभेचं नव्हतं. कॅसिनीचं रेडिओ उपकरण सतत कान देऊन बसलेलं असलं, तरी कॅमेरा ठरलेल्या वेळीच शनीच्या ढगांकडे वळत असे. वादळाचं डोकं रोज नेमकं कुठे आहे, हे मधल्या दिवसांत अंगणातल्या दुर्बिणींनीच सांगितलं. जुलै २०११मध्ये ‘नेचर’मध्ये या वादळावर दोन शोधनिबंध आले, एक गेऑर्ग फिशर यांच्या गटाचा आणि एक आगुस्तीन सांचेझ-लावेगा यांच्या गटाचा. दोन्हींमध्ये या निरीक्षणांचा वाटा आहे.

विजांचा जोर असा होता की शिखरावर सेकंदाला दहाहून अधिक झटके येत होते. कॅसिनीने आधी ऐकलेल्या वादळांच्या हे दसपट. अनेकदा एक झटका कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वेगळं करता येत नव्हतं. ६ मार्च २०११ रोजी निळ्या प्रकाशातल्या चित्रांमध्ये वीज चक्क दिवसाच्या बाजूला दिसली. ढगांच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत तो लखलखाट पसरून सुमारे २०० किमी रुंद झाला होता. यावरून वीज माथ्याच्या बरीच खाली, पाण्याच्या ढगांच्या पातळीवर कडाडली असावी असा अंदाज बांधता येतो.

शनीला जमीन नाही. सगळ्यात वर धुरकट थर, त्याखाली अमोनियाच्या बर्फाचे ढग, मग अमोनियम हायड्रोसल्फाइडचे, आणि दोनशे-अडीचशे किमी खाली पाण्याचे. नेहमी आपल्याला दिसतो तो फक्त वरचा पिवळसर पडदा. या वादळाने तो फाडला. फेब्रुवारी २०११मधल्या अवरक्त निरीक्षणांचा अभ्यास करून विस्कॉन्सिनमधल्या लॅरी स्रोमोव्हस्की यांच्या गटाने वादळाच्या ढगात अमोनियाच्या बर्फाबरोबर पाण्याचा बर्फही असल्याचं दाखवलं. शनीच्या ढगांत पाण्याचा बर्फ सापडण्याची ही पहिली वेळ. दोनशे किमी खोलीवरचा माल वर येऊन पडला होता, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणं अवघड.

आता शेवटाकडे. वादळाच्या डोक्याने सुरुवातीलाच आपल्या मागे एक मोठा प्रतिचक्रवाती (चक्रीवादळाच्या उलट दिशेने फिरणारा) भोवरा सोडला होता, काही काळ सुमारे १२,००० किमी रुंद असलेला. डोकं पश्चिमेकडे रोज जवळजवळ पावणेतीन अंश सरकत होतं. भोवराही पश्चिमेकडेच, पण रोज एका अंशाहून कमी. म्हणजे डोकं भोवऱ्यापासून दररोज साधारण दोन अंश पुढे जात होतं. ग्रह गोल असल्याने हे पुढे जाणं म्हणजेच मागून येऊन गाठणं. ३६० अंश भागिले दोन, सहा महिने. जून २०११च्या मध्याला डोकं आपल्याच भोवऱ्यावर जाऊन आदळलं आणि काही दिवसांत विजा मंदावल्या, उफाळणं थांबलं. तुरळक झटके ऑगस्टअखेरपर्यंत येत राहिले. कॅसिनीच्या चमूने एकूण आयुष्य २६७ दिवस मोजलं. १९०३चं वादळ सुमारे १५० दिवसांचं होतं. पृथ्वीवरची चक्रीवादळं जमिनीवर चढली की मरतात. इथे जमीनच नाही, तर वादळाला थांबवायला त्याचंच अपत्य लागलं. टक्कर हे मरणाचं कारण की आधीच दमलेल्या वादळाला बसलेला शेवटचा धक्का, यावर मात्र मला टक्करवाल्यांचं म्हणणं थोडं घाईचं वाटतं. तोवर डोक्याने सहा महिने ऊर्जा ओतली होती. फिशर यांच्या गटाच्या अंदाजानुसार वादळाची एकूण शक्ती अख्खा शनी अवकाशात फेकतो त्या शक्तीच्या तोडीची होती. असा खर्च किती दिवस परवडणार?

वरच्या मजल्यावर

ढगांच्या खूप वर, स्थितांबरात, एक दुसरंच नाटक चालू होतं आणि ते साध्या डोळ्यांच्या प्रकाशात मुळीच दिसत नव्हतं. चिलीमधल्या व्हीएलटी दुर्बिणीने आणि कॅसिनीच्या उष्णतामापक उपकरणाने तिथे दोन गरम डाग पाहिले. एप्रिल २०११च्या अखेरीस ते एकमेकांत मिसळले आणि जो एक भोवरा उरला, तो काही काळ गुरूवरच्या लाल डागापेक्षा मोठा होता. तापमान आजूबाजूपेक्षा तब्बल ८० अंश सेल्सियसने जास्त. एवढी वाढ शनीच्या स्थितांबरात कुणी पाहिली नव्हती. तिथे इथिलिन वायूचं प्रमाणही शंभर पट वाढलेलं आढळलं. खालचं वादळ शांत झाल्यावरही हा भोवरा बराच काळ टिकून होता. खालून उसळलेल्या हवेने उठवलेल्या लाटा वर जाऊन फुटल्या आणि त्यांनी ऊर्जा तिथे टाकली, ही यामागची मुख्य कल्पना.

गप्प राहण्याचं गणित

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे वळीव कसा येतो ते आठवा. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर उसळते, संध्याकाळी गडगडाट आणि गारा. रात्री मोकळं आकाश आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. हे चक्र इतकं चटकन फिरतं याचं एक कारण असं की दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, आपल्या हवेचं सरासरी २९. बाष्प मिसळलं की हवा हलकी होऊन आपणहून वर जायला बघते.

शनीवर हेच उलटं. तिथली हवा हायड्रोजनची, रेणूचं वजन २, सोबत थोडा हेलियम, ४. त्यात १८ वजनाचं पाणी मिसळलं की हवा जड होते. खालची दमट हवा उबदार असली तरी पाण्याच्या वजनाने तळाशी दबून राहते, आणि वरची कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी तरंगते. हायड्रोजनच्या वातावरणात बाष्पामुळे अभिसरण, म्हणजे हवेचं वर-खाली फिरणं, रोखलं जाऊ शकतं, हे त्रिस्तान गियो यांनी १९९५मध्येच मांडलं होतं. चेंग ली आणि अँड्र्यू इंगरसोल यांनी २०१५मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये ती कल्पना या वादळांना लावून दाखवली.

त्यांचं म्हणणं असं. एखादं महावादळ होऊन गेलं की वरच्या थरातलं पाणी पाऊस होऊन खाली जातं आणि वरची हवा गरम, कोरडी, म्हणून हलकी राहते. झाकण घट्ट बसतं. मग ती वरची हवा अवकाशात उष्णता सोडत गार होऊ लागते. पण शनी मुळातच थंडगार, त्यामुळे उष्णता बाहेर पडण्याचा वेग अगदी संथ. गार होत होत हवा आकसते, जड होते, आणि काही दशकांनी अशी वेळ येते की ती खालच्या दमट हवेपेक्षाही जड भरते. तेव्हा झाकण बुडतं. खालची हवा वर उसळते, पाणी गोठतं, साठवलेली उष्णता बाहेर येते. पाऊस गळून पडल्यावर ओझंही जातं, म्हणून उसळी आणखी वाढते. एवढी वर्षं अडवून धरलेलं सगळं काही महिन्यांत सुटतं. एकाच अक्षांशावर हे चक्र पुरं व्हायला त्यांच्या हिशोबाने साठेक वर्षं लागतात. विषुववृत्तावरची ५७ वर्षं याच्याशी छान जुळतात. ३५ अंशांवरची १०७ तितकीशी जुळत नाहीत. पण १९६०च्या आधी रोज शनीकडे कोण पाहत होतं, आणि सूर्याआडचे महिने सोडले तर उरतं काय, हेही विचारात घ्यावं लागतं.

या स्पष्टीकरणाचं मला आवडणारं अंग म्हणजे ते गुरूलाही लागू करून पाहता येतं. झाकण बसण्यासाठी खालच्या हवेत पाणी किमान १ टक्क्याच्या थोडं वर लागतं. त्याहून कमी असेल तर वजनाचा परिणाम उबेवर मात करू शकत नाही आणि वादळं छोटी, वरचेवर होतात. गुरूवर तसंच दिसतं. त्याचा प्रसिद्ध लाल डाग हा वेगळ्या जातीचा प्रकार आहे, निदान १८३१पासून फिरत राहिलेला प्रतिचक्रवात. त्याला उद्रेक म्हणता येत नाही.

अमोनियाचा माग

ढगांची शेपटी विरल्यावर प्रकरण बंद झालं, असं कुणालाही वाटलं असतं. कॅसिनीच्या रडारने २०११मध्ये मायक्रोलहरींत पाहिलं, तेव्हा वादळाच्या पट्ट्यात अमोनियाचं बाष्प कमी झाल्याचं दिसलं. मग चेंग ली, इम्के द पाटर आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बीण-समूहातून शनी पाहिला. रेडिओ लहरी ढगांच्या आरपार येतात आणि अमोनिया त्या शोषतो, त्यामुळे कुठे अमोनिया कमी आणि कुठे जास्त हे कळतं. २०२३मध्ये त्यांनी जाहीर केलं की वरच्या थरांत अमोनिया कमी आहे आणि त्याखाली शंभर-दोनशे किमीवर तो वाढलेला आहे. म्हणजे वादळातल्या पावसाने अमोनिया खाली वाहून नेला. आणि असे माग फक्त २०१०चे नव्हते. शंभर वर्षांपूर्वीपर्यंतच्या महावादळांच्या खुणा वेगवेगळ्या अक्षांशांवर अजून शिल्लक होत्या.

म्हणजे १९०३मध्ये बर्नार्ड यांनी जे डोळ्याने पाहिलं, त्याच काळाचा परिणाम आज रेडिओ दुर्बिणीत वाचता येतो. इतकं संथ वातावरण. झाकणाच्या कल्पनेला यामुळे बळ मिळतं, कारण उलथापालथ झाल्यावर थर एकमेकांत पटकन मिसळत असते तर हे माग केव्हाच पुसले गेले असते.

दरम्यान २०१८मध्ये शनीच्या उत्तर ध्रुवाजवळच्या पट्ट्यात एकामागून एक चार मध्यम आकाराची वादळं झाली. ना नेहमीच्या छोट्या वादळांसारखी, ना महावादळांसारखी. झाकणाच्या गणितात ही मधली जात नीट बसत नाही. पहिलं वादळ पुन्हा एका हौशी निरीक्षकानेच पकडलं, आणि या खेपेला जवळून पाहायला कॅसिनी नव्हतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरून जळून गेलं होतं.

सगळा डोलारा उभा आहे तो एका आकड्यावर: शनीच्या खोल हवेत पाणी किती? १ टक्क्याच्या वर असेल तर स्पष्टीकरण टिकतं. हा आकडा थेट मोजलेला नाही. कॅसिनीने शेवटच्या उडीत पाठवलेली माहिती ढगांच्या कितीतरी वरची होती. गुरूच्या वातावरणात गॅलिलिओ मोहिमेचा एक शोधक ७ डिसेंबर १९९५ रोजी शिरला, तो सुमारे तासभर माहिती पाठवत खाली गेला आणि नेमका एका कोरड्या जागी उतरला, त्यामुळे तिथलाही आकडा पुढे कित्येक वर्षं वादात राहिला. शनीसाठी असा शोधक पाठवण्याचे प्रस्ताव अनेकदा मांडले गेले आहेत. तो गेलाच, तर एकाच जागी उतरून भागणार नाही; वादळ होऊन गेलेला पट्टा आणि न झालेला पट्टा, असे दोन्ही मोजावे लागतील.